शोतेनगाईतला बाजारहाट: आधी कचऱ्याचं कॅलेंडर, मग पिशवी

शोतेनगाई म्हणजे जपानी वस्तीतला दुकानांचा रस्ता. भाजीवाला, मासळीवाला, तोफूवाला, तांदळाचं दुकान, लाँड्री, औषधांचं दुकान, सगळं एका ओळीत. काही ठिकाणी वर छप्पर असतं, बऱ्याच ठिकाणी नसतं. तोक्योच्या कोतो वॉर्डातली सुनामाची गिन्झा सुमारे ६७० मीटर लांब आहे आणि तिथे १८०च्या आसपास दुकानं आहेत. शिनागावा वॉर्डातली तोगोशी गिन्झा जवळजवळ १.३ किलोमीटर. एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईत राहणाऱ्या मराठी घरांना सुनामाची गिन्झा सोयीची. तोझाई लाईननं एकच स्टेशन, मिनामी-सुनामाची, आणि तिथून चालत वीसेक मिनिटं.

हा रस्ता दिसतो मंडईसारखा, आणि घोळ तिथेच होतो. माल दाबून बघणं, भाव पाडून मागणं, गरम काहीतरी खात पुढे जाणं, या तिन्ही गोष्टी इथे चालत नाहीत. चौथी चूक दुकानात दिसत नाही, घरी दिसते: कचरा कधी उचलला जातो हे न बघता केलेली खरेदी. म्हणून सुरुवात दुकानापासून नाही, कचऱ्यापासून करायची.

टप्पा १: कचऱ्याचं कॅलेंडर भिंतीवर लावा

नव्या पत्त्यावर राहायला आल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंद करावी लागते. त्याच खेपेला कचऱ्याचं कॅलेंडर मागून घ्या. बऱ्याच वॉर्डांत ते इंग्रजीतही मिळतं. तोक्योच्या २३ वॉर्डांत जळणारा कचरा साधारणपणे आठवड्यातून दोनदा उचलतात आणि तो सकाळी ८ च्या आत बाहेर ठेवायचा असतो. वार मात्र गल्लीगणिक बदलतात. अराकावा नदीच्या अलीकडे एदोगावा वॉर्ड, पलीकडे कोतो वॉर्ड. एका स्टेशनाच्या अंतरावर नियमांचा कागद वेगळा. मित्रानं पाठवलेला फोटो कामाचा नाही.

ओलं, वास येणारं सगळं याच कचऱ्यात जातं: माशाची डोकी, कोळंबीची सालं, चिकनची हाडं. म्हणून मासळीचा दिवस कचऱ्यावरून ठरवा. कचरा मंगळवार-शुक्रवारी उचलत असतील, तर मासे सोमवारी किंवा गुरुवारी आणा. शुक्रवारी संध्याकाळी कोळंबी आणली, तर सालं मंगळवार सकाळपर्यंत घरात मुक्कामाला राहतात. ऑगस्टच्या दमट उकाड्यात एका खोलीच्या घरात याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

भलत्या दिवशी मासे आणावेच लागले, तर उरलेलं वर्तमानपत्रात गुंडाळा, पिशवीत घट्ट बांधा, फ्रीजरमध्ये टाका आणि ठरलेल्या सकाळी थेट बाहेर न्या.

तपासून घ्या: पिशवी कुठली लागते? २३ वॉर्डांत साधी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक चालते. हाचिओजी, क्योतो, फुकुओका अशा शहरांत पालिकेनं ठरवलेली विकतची पिशवी लागते. दुसऱ्या पिशवीतला कचरा स्टिकर लावून तिथेच ठेवून जातात.

सावध: आदल्या रात्री कचरा बाहेर ठेवू नका. पहाटे कावळे पिशव्या फोडतात. सकाळी ठेवतानाही पिशवी कचऱ्याच्या जागेवरच्या जाळीच्या पूर्ण आत ढकला.

टप्पा २: सुट्टीचा वार आणि दुकानाची वेळ

दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीला ‘तेइक्यूबी’ म्हणतात. ती शटरवर किंवा दारावर लिहिलेली असते. अनेक रस्त्यांवर बरीच दुकानं एकाच वारी बंद असतात, आणि नवखा माणूस नेमका त्याच दिवशी जाऊन ‘इथे काही उरलं नाही’ म्हणत परततो. पहिल्या खेपेला तुमच्या कामाच्या पाचसहा दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढा आणि वार कॅलेंडरवरच, कचऱ्याच्या वारांशेजारी लिहा. दोन्ही एकत्र दिसले की बाजाराचे दिवस आपोआप ठरतात.

भाजीची दुकानं साधारण दहाच्या सुमारास उघडून संध्याकाळी सहा-सातला आवरतात. तोफूवाल्याचं काम पहाटे सुरू होतं आणि माल दुपारनंतर संपत जातो. १ ते ३ जानेवारी आणि ऑगस्टच्या मध्यावर ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, दिवसांत लहान दुकानं बंद धरून चाला. तोक्योच्या सुगामोतल्या जिझो-दोरी या रस्त्यावर महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला जत्रा भरते. हिंडायला झकास, भाजी आणायला त्रासाचं.

सावध: शटर अर्धं खाली म्हणजे दुकान बंद. वाकून ‘आहे का कोणी’ विचारू नका.

टप्पा ३: पाकीट आणि पिशव्या

क्यूआरचे आणि कार्डाचे स्टिकर आता पुष्कळ दुकानांवर दिसतात, पण म्हाताऱ्या जोडप्यानं चालवलेल्या तोफूच्या दुकानात ‘फक्त रोख’ हे गृहीत धरा. बरोबर हे घ्या:

– हजार येनच्या पाचसहा नोटा. दहा हजाराची नोट आधी कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये मोडा. दीडशे येनच्या तोफूसाठी ती पुढे करणं म्हणजे दुकानदाराचा गल्ला रिकामा करणं.
– १०० आणि १० येनची नाणी. पितळी रंगाचं, मध्ये भोक असलेलं नाणं ५ येनचं. त्यावर आपल्या ओळखीचा आकडा नसतो, किंमत जपानी लिपीत असते. चंदेरी आणि भोकाचं ते ५० येनचं. नवखे या दोघांत हमखास गोंधळतात.
– दोन कापडी पिशव्या. जुलै २०२० पासून प्लॅस्टिक पिशवीचे पैसे पडतात.
– एक थंड राहणारी पिशवी, बर्फाच्या पॅकसह. मे ते ऑक्टोबर ही हवीच.
– दोन झिपच्या पिशव्या. तोफूचं पाणी आणि माशाचं पाणी कापडी पिशवीला माफ करत नाही.

घरात साठलेली चिल्लर एकदम संपवायला जाऊ नका. कायद्यानं दुकानदार एका जातीची २०पेक्षा जास्त नाणी नाकारू शकतो. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या. खाद्यपदार्थांची कुपनं देणारी काही जुनी यंत्रं त्या घेत नाहीत, तेव्हा यंत्रावरचा कागद आधी बघा.

टप्पा ४: रिकाम्या हातानं एक फेरी, पाट्या वाचत

पहिल्या दिवशी या टोकापासून त्या टोकापर्यंत काही न घेता चाला. एकाच रस्त्यावर तीन भाजीवाले असतात आणि तिघांचा भाव व दर्जा वेगळा असतो. ‘इरास्शाइ’, म्हणजे ‘या, या’, असा पुकारा होईल. उत्तर द्यायचं नसतं, मान किंचित झुकवली की पुरे.

पाटीवर चार गोष्टी बघा.

किंमत कशाची? ‘इक्को’ म्हणजे एक नग, ‘हितोयामा’ म्हणजे एक वाटा, ‘हितोफुकुरो’ म्हणजे एक पिशवी. मांसावर लिहिलेला भाव बहुतेक १०० ग्रॅमचा असतो, किलोचा नाही. पीचच्या टोपलीवरचे ३०० येन टोपलीचे समजून घ्यायचे आणि गल्ल्यावर १२०० ऐकायचे, ही नेहमीची फजिती.

कराआधीची की करासह? ऑक्टोबर २०१९ पासून विक्रीकराचे दोन दर आहेत: घरी न्यायच्या खाण्याला ८ टक्के, दारूला आणि तिथेच बसून खाण्याला १० टक्के. पाटीवर मोठा आकडा बहुधा कराआधीचा असतो आणि करासहचा आकडा खाली बारीक.

सवलत किती? ‘वारी’ म्हणजे दहावा हिस्सा. ‘३ वारीबिकी’ ही ३ टक्के नाही, ३० टक्के सवलत आहे. ‘हान्गाकु’ म्हणजे निम्मी किंमत. ही दोन अक्षरं जपानी लिपीत फोनमध्ये ठेवा. संध्याकाळी मासळी आणि तयार पदार्थांवर हीच चिकटवलेली असतात.

तारीख कोणती? क्रम वर्ष-महिना-दिवस असा. आपल्या सवयीनं उलटं वाचलं तर शिळं ताजं वाटतं. ‘शोहिकिगेन’ ही उलटून गेल्यावर खायचंच नाही अशी तारीख, ‘शोमिकिगेन’ ही चव चांगली राहण्याची.

फोनचा कॅमेरा छापील मजकुराचं भाषांतर बरं करतो. ब्रशनं लिहिलेल्या पाटीपुढे तो गडबडतो. तिथे बोट दाखवून ‘इकुरा देस्का’, म्हणजे ‘केवढ्याला?’, हे जास्त खात्रीचं.

टप्पा ५: दुकानांचा क्रम ठरवा

सकाळी किंवा दुपारी निघालात तर:

१. तांदळाचं दुकान. ‘कोमेया’ तांदूळ समोर सडून, म्हणजे कोंडा काढून, देतो: अर्धवट सडलेला ‘गोबुझुकी’, त्याहून जास्त ‘नानाबुझुकी’, पूर्ण पांढरा ‘हाकुमाई’. सांगून पुढे जा, येताना घ्या. पाच-दहा किलो असेल तर ‘हाइतात्सु’, म्हणजे घरपोच, मिळतं का विचारा. हा तांदूळ इंद्रायणीसारखा चिकट शिजतो. बासमतीच्या मापानं पाणी घातलं तर खिमट होईल. अर्धा तास भिजवून तांदळाच्या सव्वापट पाणी भरपूर.

२. मासळीवाला, पण फक्त मासा निवडून कसा कापायचा ते सांगायला. ‘आतो दे तोरि नि किमास्’, म्हणजे ‘नंतर न्यायला येतो’. तुमची भाजी होईपर्यंत तो कापून बर्फात ठेवेल.

३. वाणसामान, मग भाजी. जड खाली, पालेभाजी वर.

४. तोफू, मांस, आणि सगळ्यात शेवटी मासळी ताब्यात. तिथून थेट घर.

संध्याकाळी पाचनंतर हा क्रम मोडतो. आधी तोफू, कारण तो संपतो, मग तयार पदार्थ, भाजी शेवटी.

टप्पा ६: भाजीवाल्याकडे

‘याओया’कडे भाजी टोपल्यांत किंवा ताटल्यांत वाटे लावून ठेवलेली असते. वाटा आहे तसा घ्यायचा. चार टोमॅटोंतला एक नको म्हणून बदलायचा नाही, दाबायचं नाही, वास घ्यायचा नाही. बोट दाखवा, ‘कोरे कुदासाई’, म्हणजे ‘हे द्या’, म्हणा. दुकानदार टोपली पिशवीत रिकामी करतो. पीचवर तर बोटाचा डाग दुसऱ्या दिवशी उमटतो, त्यामुळे पीच हाताळणारं गिऱ्हाईक नजरेत भरतं, आणि चांगल्या अर्थानं नाही.

भाव करू नका. इथे घासाघीस हा खेळ नाही, अपमान वाटू शकतो. ‘ओमाके’ म्हणजे वर घातलेला कांदा किंवा लिंबू, तो दुकानदार आपणहून देतो. मागून मिळत नाही.

आपल्या स्वयंपाकासाठी काय घ्यावं:

बटाटा दोन जातींचा. ‘दान्शाकु’ गोल, खळगे असलेला, शिजला की भुसभुशीत होतो: वडा, पराठा, सुकी भाजी. ‘मेकुइन’ लांबट आणि गुळगुळीत, फुटत नाही: रस्सा. मेकुइनचे बटाटेवडे चिकट होतात आणि दोष बेसनाला जातो.

पालेभाजीत ‘कोमात्सुना’ रोजच्या कामाची. तिचं नाव एदोगावा वॉर्डातल्याच कोमात्सुगावावरून पडलं आहे. पालकासारखी आधी उकडून पाणी टाकायची गरज नाही. लसणाच्या फोडणीवर थेट परता. ‘सातोइमो’ म्हणजे आपली अळकुडी. ‘काबोचा’ लाल भोपळ्यापेक्षा घट्ट आणि गोड असतो. भरीत करताना पाणी थोडं घाला, गूळ वगळा. ‘नासु’ लहान मिळाली तर भरली वांगी होतात. ‘शिशितो’ दिसते हिरव्या मिरचीसारखी, तिखट नसते, पण मधूनच एखादी झणका देते. फोडणीत तिच्यावर भरवसा ठेवू नका. तिखट हवी तर उन्हाळ्यात ‘आओतोगाराशि’ मागा. ‘मोयाशि’ हे मोडच, पण लांब आणि पाणचट. उसळ होत नाही, मूग घरीच भिजवा. कोथिंबीर मूठभर आणि महाग. ती भारतीय किराण्यातून आणणं परवडतं.

टप्पा ७: मासळीवाल्याकडे

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. सुपरमार्केटात माशाचा तुकडा मिळतो. ‘साकानाया’ मासा तुम्हाला हवा तसा कापून देतो, आणि बहुधा कापण्याचे पैसे घेत नाही.

आधी पाटीवर मासा कच्चा खाण्याचा आहे की शिजवण्याचा ते बघा. ‘साशिमियो’ किंवा ‘नामाशोकुयो’ म्हणजे कच्चा चालेल. ‘कानेत्सुयो’ म्हणजे शिजवूनच. कालवांच्या बाबतीत हा फरक ताजेपणाचा नाही, ती कुठल्या पाण्यातून काढली आणि कुठल्या निकषात बसतात याचा आहे. शिजवण्यासाठीची कालवं शिळी नसतात, उलट कालवणाला तीच घ्या.

मग कापणी सांगा. ‘उरोको तोत्ते कुदासाई’: खवले काढून द्या. ‘बुत्सुगिरी’: काट्यासकट जाड तुकडे, म्हणजे आमटीला हवेत तसे. ‘सान्माइओरोशि’: काटा वेगळा करून दोन फिली. काही न सांगितल्यास दुकानदार जपानी स्वयंपाक गृहीत धरून फिली करेल, आणि कालवणात काटा नसेल तर रसाला चव कुठून येणार? ‘बुत्सुगिरी’ एवढा एक शब्द पाठ केला तरी निम्मं काम झालं.

‘सावारा’ हा सुरमईच्याच कुळातला. तव्यावर तळायला योग्य. ‘साबा’ बांगड्याच्या नात्यातला, पण मोठा आणि जास्त तेलकट. तिरफळ-कोकमाच्या आमटीत चांगला लागतो. ताई, बुरी अशा मोठ्या माशांची डोकी-काटे ‘आरा’ नावानं स्वस्तात मिळतात. आरा घरी आणून उकळतं पाणी ओता, लगेच गार पाण्यात चोळून रक्त आणि उरलेले खवले काढा, मग कालवण करा. ही पायरी गाळली की वास येतो आणि लोक आरा घेणं सोडतात.

‘शिओ’ किंवा ‘आमाजिओ’ लिहिलेला मासा आधीच खारवलेला असतो. ‘आमा’ म्हणजे गोड, पण इथे अर्थ सौम्य मिठाचा. त्याला पुन्हा मीठ-हळद चोळली तर ताट वाया.

सावध: साबा, स्क्विड अशा माशांत आनिसाकिस नावाची बारीक अळी असू शकते. मीठ, लिंबू, व्हिनेगर यांनी ती मरत नाही. उणे २० अंशांवर २४ तास गोठवल्यानं किंवा नीट शिजवल्यानं मरते. शिजवायचा म्हणून आणलेला मासा घरी कच्चा खाण्याचा प्रयोग नको.

टप्पा ८: मांसाच्या दुकानात

‘निकुया’कडे वजन सांगून मागतात: ‘निह्याकु गुरामु’ २०० ग्रॅम, ‘सान्ब्याकु गुरामु’ ३०० ग्रॅम. चिकन ‘तोरिनिकु’, मांडी ‘मोमो’, छाती ‘मुने’. रश्शासाठी हाडासकट हवं तर ‘होनेत्सुकि’ म्हणा, नाहीतर हाड काढलेलंच मिळेल. कातडी नको तर ‘कावा नाशि’.

खिमा घेताना नाव ऐका. ‘आइबिकि’ हा गाय आणि डुकराचा मिश्र खिमा असतो. फक्त चिकनचा हवा तर ‘तोरि-हिकिनिकु’. बोकडाचं मटण या दुकानांत जवळजवळ नसतंच. त्यासाठी हलाल किराणा.

टप्पा ९: तोफूच्या दुकानात

‘मोमेन’ घट्ट, ‘किनु’ रेशमासारखा मऊ. भुर्जी, मटार-तोफू यांना मोमेन. किनु कढईत पाण्यात विरघळल्यासारखा होतो. मोमेनवर ताटली आणि वजन ठेवून अर्धा तास पाणी निथळू द्या. ‘आत्सुआगे’ हा जाड तुकडा आधीच तळलेला. पनीरसारखा रश्शात टिकतो. त्यावर गरम पाणी ओतून वरचं तेल काढलं की मसाला आत शिरतो.

दुकानातला सुटा तोफू पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि दोन दिवसांत संपवा. ‘ओकारा’ हा सोयाबीनचा चोथा फार स्वस्त असतो. थालीपिठात खपून जातो.

टप्पा १०: तळलेलं आणि शिजवलेलं: शाकाहारी माणसानं इथे थांबावं

मांसाच्या दुकानाबाहेर दिसणारा गोल किंवा चपटा ‘कोरोक्के’ हुबेहूब पॅटिससारखा असतो आणि बटाट्याचाच असतो, पण त्यात बहुतेक वेळा थोडा खिमा असतो. भोपळ्याचा कोरोक्के घेतला तरी तळण अनेकदा डुकराच्या चरबीत, आणि कढई एकच.

‘बेजितारियन’ हा शब्द पुरत नाही. त्याचा अर्थ ‘भाजी आवडते’ असा घेतला जातो आणि समोर सुक्या माशाच्या पाण्यात शिजलेली भाजी येते. त्या पाण्याला ‘दाशि’ म्हणतात. उकडलेल्या भाज्या, गोडसर ऑम्लेट, नूडल्सचा रस, काही लोणची, सगळ्यात तो असू शकतो. म्हणून पदार्थाकडे बोट दाखवून नेमकं विचारा: ‘निकु, हाइत्ते इमास्का?’ (मांस आहे का), ‘दाशि, हाइत्ते इमास्का?’ (दाशि आहे का), ‘रादो देस्का?’ (चरबीत तळलंय का).

पाकिटावरच्या ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. ॲलर्जीच्या नियमानं अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा यांचा उल्लेख सक्तीचा आहे. डुक्कर, गाय, कोंबडी, जिलेटिन यांचा फक्त शिफारशीचा, आणि ज्याचा दाशि सर्वात जास्त वापरतात तो कात्सुओ मासा या यादीतच नाही. पूर्ण घटकांची यादी वाचा. ‘निकु’ हे अक्षर ओळखायला सोपं आहे: खालून उघडी चौकट आणि तिच्यात एकाखाली एक दोन छपरं. दुकानात बनवून सुटं विकलेल्या पदार्थावर यादी नसतेच, तिथे विचारणं हाच उपाय.

गोडात ‘योकान’ समुद्री शेवाळाच्या ‘कान्तेन’नं घट्ट करतात, तो चालतो. ‘दोरायाकि’त अंडं. पुडिंग-मूसमध्ये जिलेटिनची शक्यता. आणि थंडीत ‘याकिइमो’ दिसला की बिनधास्त घ्या: तो नुसतं भाजलेलं रताळं असतो, एकादशीलाही चालेल.

टप्पा ११: पैसे देताना

गल्ल्यापाशी छोटा ट्रे असतो. पैसे हातात न देता ट्रेमध्ये ठेवा. सुटे परतही तिथेच येतात. दुकानदार नोट मोजून मोठ्यानं सांगतो, तेव्हा मध्ये बोलू नका. ‘फुकुरो इरिमासेन’: पिशवी नको. हे हिशेब करायच्या आधी सांगायचं, नंतर नाही.

तपासून घ्या: याच रस्त्यावरच्या सुपरमार्केटात माल त्यांच्या टोपलीतच ठेवा. पैसे देण्याआधी स्वतःच्या कापडी पिशवीत टाकला तर चोरीचा संशय येतो. भरण्यासाठी गल्ल्यापलीकडे वेगळं टेबल असतं.

टप्पा १२: खाणं आणि सायकल

गरम पदार्थ घेतला तर दुकानापाशी, बाजूला उभं राहून किंवा त्यांच्या बाकावर संपवा. काडी आणि कागद त्याच दुकानाच्या डब्यात. पुढच्या दुकानाचा डबा तुमच्यासाठी नाही, आणि रस्त्यावर सार्वजनिक डबे जवळजवळ नसतात.

गर्दीच्या वेळी बऱ्याच शोतेनगाईत सायकलवरून उतरून ती ढकलत न्यावी लागते. वेळ कमानीपाशी लिहिलेली असते. दुकानापुढे ‘पाचच मिनिटं’ लावलेली सायकल पालिकेची गाडी उचलून नेऊ शकते आणि सोडवायला काही हजार येन पडतात. स्टेशनजवळच्या वाहनतळात ती लावली तर खर्च त्याच्या मानानं किरकोळ.

टप्पा १३: घरी आल्यावर

आधी मासा आणि तोफू फ्रीजमध्ये, मग वेष्टनं. थर्मोकोलची ताटली धुवून वाळवा. अनेक सुपरमार्केटांच्या दाराशी ती परत घेणारी पेटी असते. दुधाचं खोकं धुवा, कापून सपाट करा, वाळवा, तिथल्याच खोक्यांच्या पेटीत टाका. पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, खळबळून, चेपून ठेवा. न धुतलेलं प्लॅस्टिक पुनर्वापराच्या पिशवीत टाकलं तर पिशवीच नाकारली जाते. धुऊनही तेल-मसाला जात नसेल, तर बहुतेक ठिकाणी ते जळणाऱ्या कचऱ्यात. हळद लागलेल्या डब्यांचं असंच होतं.

तळणीचं तेल मोरीत ओतू नका. जुन्या कागदात शोषून घ्या किंवा तेल गोठवणारी पावडर घाला आणि जळणाऱ्या कचऱ्यात द्या. दिवाळीच्या चकल्यांनंतर इमारतीचा पाइप तुंबला, तर शोध घ्यायला फार वेळ लागत नाही.

टप्पा १४: ओळख टिकवा

त्याच भाजीवाल्याकडे आठवड्यातून दोनदा, साधारण त्याच वेळेला गेलं की दीडदोन महिन्यांत फरक पडतो. ‘आज हे घेऊ नका, उद्या चांगलं येईल’ हे वाक्य सुपरमार्केटात ऐकू येत नाही. खरेदीमागे शिक्का मारतात ते कार्ड मिळालं तर मुदत बघा. बऱ्याच कार्डांना ती असते.

शोतेनगाईचा उन्हाळी उत्सव आणि वस्तीतली सफाई यांत ‘चोकाइ’ किंवा ‘चोनाइकाइ’, म्हणजे मोहल्ल्याची समिती, सहसा असतेच. सभासदत्व ऐच्छिक आणि वर्गणी बहुधा महिन्याला काही शे येन. पण काही ठिकाणी कचऱ्याच्या जागेची जाळी आणि झाडलोट समितीच सांभाळते, त्यामुळे नकार देण्याआधी तुमची कचऱ्याची जागा कोणाची आहे ते घरमालकाला विचारा.

सभासद झालात तर ‘काइरान्बान’ येईल: सूचनांचे कागद लावलेली फाइल. वाचा किंवा फोटो काढा, आपल्या नावापुढे सही करा किंवा शिक्का मारा आणि एक-दोन दिवसांत पुढच्या दारी द्या. ती तुमच्याकडे अडकली की पुढच्या सगळ्या घरांची अडकते. गणपतीला किंवा दिवाळीला महिनाभर भारतात जाणार असाल, तर निघण्याआधी शेजारी सांगून ठेवा, म्हणजे फाइल तुमचं घर वगळून पुढे जाईल. आणि निघायच्या दिवशी फ्रीजरमधली माशांची पुडकी आठवणीनं बाहेर काढा. त्या सकाळी जळणारा कचरा उचलणार आहेत की नाही, हे तिकीट काढतानाच कॅलेंडरवर बघून ठेवा.